बोट मंद कीं यंत्र मंद?

"नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण आपल्या घरांतून इतक्या वेळां उच्चारली जाते कीं, हत्याराला दोष देणारा मनुष्य आपल्याकडे सहसा हास्यास्पदच ठरतो. म्हणींत व्यवहाराचें शहाणपण आहे यांत शंका नाहीं. परंतु तिचा एक दुष्परिणामहि आहे. अंगण ज्या दिवशीं खरोखरच वांकडें असतें, त्या दिवशीं नाचणाऱ्याला तसें म्हणण्याची सोय उरत नाहीं. तो निमूटपणें आपल्याच पायांना नांवें ठेवतो. घरांतील वडील माणसें आणि नवीं यंत्रें यांचा व्यवहार पाहतांना आम्हांस या गोष्टीची वारंवार आठवण होते. संगणक अडला कीं तरुण मंडळी यंत्राला दोष देतात, आणि वृद्ध मंडळी स्वतःला. वस्तुतः पुष्कळदां दोष दोघांचाहि नसतो. दोघांच्या मध्यें बसलेल्या आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या तिसऱ्याचा तो असतो. त्या तिसऱ्याची ओळख करून देणें, आणि त्याच्याकडून नीट काम कसें करवून घ्यावें हें सांगणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय दिसायला अगदीं लहान आहे. घरांतील लॅपटॉपवर लिनक्स प्रणाली असते. तिची नवी आवृत्ति चढविली जाते. आणि दुसऱ्या दिवसापासून टचपॅडवर बोट फिरविलें तरी पडद्यावरील बाण पूर्वीसारखा धांवत नाहीं. कोठें तो रांगतो, कोठें उशिरा निघतो, कोठें अडखळतो. ज्या घरांत एकाच यंत्रावर चार माणसांचीं कामें चालतात, तेथें एवढीशी गोष्ट सर्वांच्या दिवसाची घडी विसकटून टाकते. शिवाय हा अनुभव आतां थोड्याथोडक्या घरांपुरता राहिलेला नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज-१० ची सर्वसाधारण सेवा बंद केली. विंडोज-११ च्या अटी ज्या जुन्या यंत्रांना पुऱ्या करतां येत नाहींत, त्यांच्या मालकांपुढें मुख्यतः दोन वाटा उरल्या: धडधाकट यंत्र मोडींत काढणें, किंवा त्यावर लिनक्स घेणें. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें जिचा गाभा रचण्यास आरंभ केला, ती ही प्रणाली बहुतेक रूपांत विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रांवर सहसा निभावून नेते. काटकसर जाणणाऱ्या कुटुंबांनीं ती जवळ केली तर नवल नाहीं. मात्र तिच्या आवृत्त्या भराभर निघतात. उबुंटूची नवी आवृत्ति दर सहा महिन्यांनीं येते, आणि दीर्घ मुदतीची दर दोन वर्षांनीं. अशा प्रत्येक स्थित्यंतराबरोबर एखादें लहानसें दुखणें घरांत शिरण्याचा संभव असतो.

फर्दापूरचें एक घर

अजिंठ्याचा घाट उतरून जळगांवच्या वाटेस लागलें कीं पायथ्याशीं फर्दापूर लागतें. सोयगांव तालुक्यांतील हें गांव लेण्यांचें दार म्हणून सर्वश्रुत आहे. या गांवांत आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब राहतें. घरांत लॅपटॉप एकच, तोहि आठ वर्षांचा. सकाळीं सूनबाई त्यावर घराचा आणि लहानशा खाणावळीचा हिशेब ठेवतात; दुपारीं मुलांचा अभ्यास चालतो; आणि दिवेलागणीनंतरचे दोन तास आजोबांचे असतात. आजोबा निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. गेलीं चार वर्षें ते आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करीत आहेत. कोणती शाखा कोणत्या सालीं कोठें गेली, कोणाची लेक कोणाच्या घरीं दिली, कोणत्या काकूंचें माहेरचें नांव अद्याप सांपडत नाहीं, हें सारें ते स्वतःच्या बोटांनीं टिपून ठेवतात.

दिवाळीच्या सुटींत पुण्याहून आलेल्या नातवानें यंत्रावरील प्रणाली नव्या आवृत्तीवर नेली, आणि सुटी संपतांच तो परतला. त्यानंतर चार दिवसांतच आजोबांनीं लॅपटॉप उघडणें सोडून दिलें. कोणी विचारलें तर म्हणत, "आतां बोटांत तें चापल्य राहिलें नाहीं. वयाला आपण काय करणार? उरलें तें तुम्ही पुरें करा." घरांत कोणाला यांत शंका घेण्यासारखें कांहींच दिसलें नाहीं. ब्याऐंशीव्या वर्षीं बोट मंदावतें, ही गोष्ट कोणासहि पटण्यासारखीच होती. पटली नाहीं ती एकट्या सूनबाईंना. त्यांनीं विचारलें तें इतकेंच: "मामंजींचें बोट वयानें मंदावलें म्हणावें, पण माझें कां बरें त्याच आठवड्यांत मंदावलें?"

या एका प्रश्नानें सारा रंग पालटला. एकच लक्षण दोन वेगळ्या वयांच्या हातांत एकाच वेळीं उमटलें, तर त्याचें कारण वय नव्हे, हें उघड आहे. चौकशी येथून सुरू झाली. तिचा क्रम आणि शेवट सांगण्यापूर्वीं टचपॅड म्हणजे काय आणि त्याला बोट कसें कळतें, हें थोडक्यांत पाहूं.

टचपॅडचें अंतरंग

टचपॅडवर कागद सरकवा, पेन्सिल फिरवा, लांकडी पट्टी घासा; बाण हलत नाहीं. बोट मात्र हलकेंच टेकलें तरी हलतो. याचें कारण असें कीं, टचपॅड जें हुडकतें तें दाबाला नव्हे, विजेला. त्याच्या गुळगुळीत पृष्ठाखालीं विद्युद्वाहक पट्ट्यांचें एक बारीक जाळें असतें. कांहीं पट्ट्या उभ्या, कांहीं आडव्या. त्यांवर अत्यंत अल्प असा विद्युद्भार खेळविलेला असतो. माणसाचें शरीर वीज वाहून नेणारें असल्यामुळें बोट जवळ येतांच त्या जागच्या विद्युत्-धारणेंत फरक पडतो. खालीं बसविलेला एक लहानसा नियंत्रक हें जाळें सेकंदाला अनेक वेळां तपासतो, कोणत्या पट्टीजवळ फरक किती याचा मेळ घालून बोटाचा मध्य ठरवितो, आणि तो आकडा यंत्राकडे धाडतो. सिनॅप्टिक्स कंपनीचीं जुन्या धाटणीचीं टचपॅडें असे निरोप सेकंदाला ८० पर्यंत पाठवितात. ही कंपनी १९८६ सालीं फेडेरिको फॅजिन आणि कार्व्हर मीड यांनीं स्थापिली; फॅजिन हे १९७१ च्या इंटेल ४००४ या प्रसिद्ध सूक्ष्मप्रक्रियकाच्या रचनाकारांपैकीं एक. १९९४ सालीं ॲपलच्या पॉवरबुक ५०० या मालिकेंत टचपॅड बसविलें गेलें, आणि लॅपटॉपच्या अंगांत रुतवलेला गोळा बोटानें फिरविण्याची आधींची रीत हळूहळू मागें पडली.

या रचनेवरून घरांतील दोन नित्याचे अनुभव उलगडतात. पहिला हाताचा. थंडींत बोटाची त्वचा फार कोरडी पडली कीं टचपॅडला तिचा सुगावा कमी लागतो. उलट हात ओला असला, किंवा लोणच्याच्या बरणीवरून उठून तसाच यंत्राकडे आला, तर पृष्ठावर राहिलेला ओलेपणा किंवा तेलकटपणा नियंत्रकाला गोंधळांत टाकतो. दुसरा अनुभव विजेचा. पुष्कळ जुन्या घरांतील विजेच्या जोडणीला जमिनीशीं जोडणारी तार, म्हणजे अर्थिंग, नसते किंवा तुटलेली असते. अशा ठिकाणीं चार्जर लावलेला असतांना त्याचा विद्युत्-कोलाहल टचपॅडपर्यंत पोंचतो, आणि बाण थरथरतो किंवा अडखळतो. चार्जर काढतांच तो सुरळीत चालूं लागला, तर दोष प्रणालींत शोधणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! तेथें इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावें. तें घरांतील माणसांच्या सुरक्षिततेसाठींहि अगत्याचें आहे.

मध्यस्थ बदलतो तेव्हां

बोटाचा आकडा टचपॅडकडून थेट पडद्यावर जात नाहीं. प्रथम तो कर्नलकडे येतो. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. त्यांतील ड्रायव्हर, म्हणजे त्या विशिष्ट यंत्रभागाची भाषा जाणणारा दुभाषी, तो आकडा वाचतो. त्याच्या पुढें आणखी एक मध्यस्थ असतो. बोट इतकें सरकलें, इतक्या वेगानें सरकलें, तेव्हां बाण इतका हलवावा, असा निवाडा करणें हें त्याचें काम. शेवटीं पडदा रंगविणारा कारभारी बाण नव्या जागीं काढून दाखवितो. यांपैकीं आपणांस दिसतात ते दोन टोकांचे दोघे, बोट आणि बाण. मधली मंडळी पडद्याआड असते.

निवाडा करणाऱ्या मध्यस्थाचें काम लिनक्सवर कित्येक वर्षें 'सिनॅप्टिक्स' याच नांवाचा ड्रायव्हर करीत असे. २०१३-१४ च्या सुमारास 'लिबइनपुट' नांवाचा नवा मध्यस्थ आकारास आला. ऑस्ट्रेलियांत राहणारे पीटर हटरर हे त्याचे प्रमुख कर्ते होत. फेडोरानें २०१५ सालीं आपल्या २२ व्या आवृत्तींत त्याला पहिलें स्थान दिलें. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांत तो २०१८ च्या १८.०४ पासून रूढ झाला. जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर येतांना टचपॅड मंदावल्याच्या ज्या तक्रारी होतात, त्यांतील पुष्कळांचें मूळ या खांदेपालटांत आहे. टचपॅड तेंच, बोट तेंच. मधला कारभारी मात्र बदललेला.

या खांदेपालटानें तीन गोष्टी घडतात. पहिली अशी कीं, जुन्या कारभाऱ्याला घरांतील मंडळींनीं ज्या सूचना दिल्या होत्या, त्या नवा वाचीतच नाहीं. वेग वाढवून ठेवला होता, तो पुन्हां मध्यावर येतो. दुसरी गोष्ट मोठी मौजेची आहे. लिबइनपुटच्या कर्त्यांना असें आढळून आलें कीं, माउस आणि टचपॅड यांना एकच गणित लावलें तर तें हिशेबानें बरोबर असतें, पण हाताला चुकीचें वाटतें. टचपॅडवर मनुष्याला बाण बराच हळू चाललेला हवा असतो. म्हणून त्यांनीं टचपॅडची चाल मुद्दाम कमी करणारा एक आकडा बसविला. तो ०.२९६८, आणि प्रणालीच्या मूळ लिखाणांत त्याला सरळ 'जादूचा आकडा' असें म्हटलें आहे. मनुष्याच्या बोटाला काय रुचेल याचा हा अनुभवानें बांधलेला अंदाज होय. हा अंदाज बहुतेकांना मानवतो. ज्याचें बोट थोडेंच फिरतें, त्याला मात्र तो जाचूं शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुना मध्यस्थ टचपॅडच्या खऱ्या मापाची फारशी पर्वा करीत नसे. टचपॅड एका कोंपऱ्यापासून दुसऱ्या कोंपऱ्यापर्यंत जेवढे आकडे देई, त्यांच्या प्रमाणानें तो आपला हिशेब करी. नवा मध्यस्थ मिलिमीटरांत मोजतो. एका मिलिमीटरामागें टचपॅड किती आकडे पुढें सरकतें, हें त्याला अचूक कळावें लागतें, आणि ही माहिती त्याला कर्नलकडून मिळते. कांहीं यंत्रांत ही माहितीच चुकीची नोंदलेली असते. समजा, टचपॅडची खरी रुंदी १०० मिलिमीटर आहे, परंतु प्रणाली ती ७० समजते. मग बोट १० मिलिमीटर सरकलें कीं हिशेबांत तें ७ च धरलें जातें, आणि बाण मागें रेंगाळतो. ही चूक पहिल्या दिवसापासून यंत्रांत असतेच. जुन्या मध्यस्थाच्या रीतीमुळें ती झांकलेली राहते, आणि नवा मध्यस्थ येतांच उघडी पडते.

फर्दापूरच्या शेजारीं, लेण्यांतच, असा एक दाखला आहे. १९२० ते १९२२ च्या दरम्यान निजाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांस अजिंठ्याला आणविलें. भिंतींपासून सुटूं लागलेला गिलावा त्यांनीं जागच्या जागीं पक्का केला, हें त्यांचें मोठें काम. परंतु चित्रें टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचें रोगणहि चढविण्यांत आलें, आणि तें रोगण कालांतरानें पिवळें-तपकिरी पडलें. पाहणाऱ्यास वाटावें कीं रंगच विटले. पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनीं तो थर उतरविण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां खालचे रंग पुष्कळ ठिकाणीं सतेज निघाले. चित्र आणि डोळा यांच्यामधला थर तपासल्याशिवाय चित्राला किंवा डोळ्याला दोष देऊं नये, हेंच टचपॅडच्या बाबतींतहि खरें आहे.

चौकशीचा क्रम

वैद्य नाडी पाहण्याआधीं पुडी देत नाहीं. तसेंच येथेंहि प्रथम परीक्षा करावी, मग उपाय. परीक्षा चार आहेत, आणि त्यांपैकीं पहिल्या तिहींना कसलेंहि विशेष ज्ञान लागत नाहीं.

पहिली परीक्षा साध्या माउसची. शेजाऱ्याकडून घटकाभर माउस मागून आणावा आणि यंत्राला जोडावा. माउसनेंहि बाण मंदच चालत असेल, तर टचपॅड निर्दोष आहे. अशा वेळीं दोष बहुधा पडदा रंगविणाऱ्या कारभाऱ्याचा असतो. नव्या आवृत्तींत चित्रपट्टाचा, म्हणजे ग्राफिक्सचा, ड्रायव्हर नीट बसला नाहीं, तर तें सारें ओझें मुख्य प्रक्रियकावर पडतें आणि खिडक्या, अक्षरें, बाण, सर्वच जड होतें. माउसनें बाण सुरळीत धांवला, तर मात्र चौकशी टचपॅडच्या वाटेवर पुढें न्यावी.

दुसरी परीक्षा वर सांगितलेलीच: मऊ, किंचित् ओलसर फडक्यानें टचपॅड पुसून कोरडें करावें, हात धुऊन पुसावेत, चार्जर काढावा आणि फरक पडतो का तें पाहावें.

तिसरी परीक्षा जुन्या कर्नलची. नवी आवृत्ति चढवितांना लिनक्स पुष्कळदां आधींचा कर्नलहि यंत्रांतच राहूं देते. यंत्र सुरू होतांना जी निवड-यादी दिसते, तिच्यांतील प्रगत पर्यायांच्या दालनांत तो सांपडतो. त्यावरून यंत्र सुरू करून पाहावें. टचपॅड पूर्ववत् चाललें तर दोष नव्या कर्नलमध्यें आहे; तसेंच मंद राहिलें तर दोष त्याच्या वरच्या मध्यस्थांत किंवा त्याच्या मोजणींत आहे. एवढ्या एका प्रयोगानें अर्धा शोध संपतो.

चौथी परीक्षा नोंदवहीची. लिनक्स आपल्या सर्व घडामोडींची रोजनिशी ठेवते. तींत टचपॅडविषयीं दोन वाक्यें विशेष शोधण्यासारखीं आहेत. एका वाक्याचा आशय असा कीं, घटना हाताळण्याचें काम इतके मिलिसेकंद मागें पडत आहे, तुमचें यंत्र फार मंद आहे. हें लिबइनपुट स्वतः लिहून ठेवतो, आणि त्याचा अर्थ टचपॅड वेळेवर बोलतें आहे, ऐकणाराच दुसऱ्या कामांत गुंतला आहे. दुसरें वाक्य कर्नलचें. त्याचा आशय असा कीं, तुमचें टचपॅड दुसऱ्या वाटेनेंहि निरोप पाठवूं शकतें, तो पर्याय करून पाहा आणि परिणाम कळवा. पर्यायाचें नांव त्याच नोंदींत अक्षरशः दिलेलें असतें.

लक्षणावरून उपाय

मंदपणा सर्व एकाच जातीचा नसतो, आणि येथेंच पुष्कळांची गफलत होते. बाण बोटाबरोबरच निघतो पण थोडाच चालतो, ही एक जात. बाण उशिरा निघतो आणि मग उड्या मारीत येतो, ही दुसरी. कांहीं लिहिल्यानंतर क्षणभर हलतच नाहीं, ही तिसरी. आणि यंत्र झोपेंतून उठल्यावरच बिघडतो, ही चौथी. चारींचे उपाय चार आहेत.

पहिल्या जातीवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे सेटिंग्जमध्यें माउस व टचपॅडचें दालन उघडून वेगाची खुंटी उजवीकडे सरकविणें. ती उणें एक ते अधिक एक अशा मापांत फिरते आणि नव्या प्रणालींत शून्यावर असते. पुष्कळ घरांचें काम येथेंच होतें. खुंटी टोंकाला नेऊनहि बाण रांगतच असेल, तर मापाची चूक असण्याचा संभव मोठा. लिबइनपुटबरोबर टचपॅडचें माप घेणारें एक साधन मिळतें. फूटपट्टीनें टचपॅडची रुंदी व उंची मिलिमीटरांत मोजावी, तें माप साधनाला सांगावें, आणि मग बोट टचपॅडच्या चारी कडांवरून हळूहळू फिरवावें. प्रणाली काय समजत होती आणि खरें काय आहे, हें तें साधन शेजारीं शेजारीं मांडून दाखवितें, आणि कोणती दुरुस्ती नोंदवावी तिचा मजकूरहि स्वतःच लिहून देतें. तो मजकूर यंत्रभागांच्या स्थानिक नोंदींत जसाच्या तसा ठेवून यंत्र पुन्हां सुरू करावें.

फर्दापूरच्या घरीं शोध येथेंच लागला. माउसनें बाण सुरळीत चालला. चार्जर काढून फरक पडला नाहीं. जुन्या कर्नलवरहि टचपॅड मंदच राहिलें. मग सूनबाईंनीं पुण्याच्या पुतण्याला दूरध्वनीवर घेतलें, आणि त्यानें मापाचें साधन सुचविलें. घरांत फूटपट्टी होती ती आजोबांचीच, शाळेच्या दिवसांतील लांकडी. माप त्यांनीं स्वतः घेतलें, आणि यंत्राचा आकडा पाहून म्हणाले, "हा विद्यार्थी पहिल्यापासून चुकीचेंच पाठ करीत आला आहे!" दुरुस्ती नोंदविली गेली, आणि कुलवृत्तांताचें काम पुढें चालू झालें.

दुसऱ्या जातीचा, म्हणजे उशिरानें निघणाऱ्या बाणाचा, उपाय बहुधा निरोपाच्या वाटेंत असतो. जुन्या टचपॅडांचे निरोप ज्या वाटेनें येतात, ती १९८७ च्या आय्-बी-एम् पी-एस्-२ संगणकांबरोबर आलेली आहे. कांहीं टचपॅडांना त्याहून जलद अशी दुसरी वाटहि असते. कर्नलच्या नोंदींत दुसऱ्या वाटेचा उल्लेख असेल, तर तींत दिलेला पर्याय आरंभ-सूचनेंत घालून यंत्र सुरू करावें. तो पर्याय एक दिल्यानें चालू होतो व शून्य दिल्यानें बंद. कांहीं यंत्रांवर उलट अनुभवहि येतो: नवा कर्नल स्वतःहून दुसरी वाट धरतो, ती त्या यंत्राला मानवत नाहीं, आणि पर्याय शून्य केल्यावरच टचपॅड सुधारतें. म्हणून प्रथम हा बदल एका वेळेपुरता करून पाहावा, आणि गुण आला तरच कायम करावा.

तिसऱ्या जातीला दोष म्हणतां येत नाहीं; ती एक सोय आहे. लिहितांना तळहात चुकून लागून बाण भलतीकडे जाऊं नये, म्हणून नवा मध्यस्थ लिहिणें चालू असतांना टचपॅड क्षणभर बंद ठेवतो. ज्यांना एक हात कळांवर आणि दुसरा टचपॅडवर ठेवण्याची संवय आहे, त्यांनीं ही सोय सेटिंग्जमधून काढून टाकावी. तशीच टकटक करून वस्तु उचलून ओढण्याची सोय; ती चालू असली कीं साध्या टिचकीनंतर पुढें ओढणें येतें कीं काय याची वाट पाहण्यांत थोडा वेळ जातो. चौथ्या जातीवर टचपॅडचा ड्रायव्हर एकदां काढून पुन्हां चढविला कीं बहुधा काम होतें. वारंवार होऊं लागलें तर पुढच्या कर्नलची वाट पाहावी.

कित्येकजण या सर्वांऐवजीं जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हरच परत आणावा असें सुचवितात. जुन्या एक्स पद्धतीच्या पडद्यावर तें शक्य आहे. परंतु नव्या वेलँड पद्धतीवर तो मुळींच चालत नाहीं, आणि उबुंटूनें २०२५ च्या २५.१० आवृत्तींत ग्नोमची एक्स पद्धति काढून टाकलीसुद्धां आहे. ही वाट आज मोकळी असली तरी लवकरच बंद होणारी आहे. उपाय करतांना एका वेळीं एकच बदल करावा, काय बदललें तें साध्या वहींत तारखेसह लिहावें, आणि कोणीहि सांगितलेली आज्ञा तिचा अर्थ समजल्याशिवाय मुख्य अधिकार देऊन चालवूं नये. घरच्या किल्ल्या आपण रस्त्यावरील अनोळखी माणसाच्या हातांत देत नाहीं.

नक्कल ठेवावी, आणि एकाच ठिकाणीं ठेवूं नये

आवृत्ति चढविण्याआधीं करावयाची एक गोष्ट शेवटीं सांगतों, कारण टचपॅडचें दुखणें बरें होतें, परंतु हरवलेलें लिखाण परत येत नाहीं. चढविण्याचें काम मध्येंच थांबलें, वीज गेली, जागा अपुरी पडली, तर चार वर्षांचा कुलवृत्तांत एका रात्रींत नाहींसा होऊं शकतो. म्हणून आधीं नक्कल घ्यावी; आणि ती एकाच ठिकाणीं ठेवूं नये.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचा इतिहास येथें मुद्दाम आठवावासा वाटतो. १८४४ सालीं रॉबर्ट गिल या सेनाधिकाऱ्याची नकला करण्याच्या कामावर नेमणूक झाली, आणि त्यानें त्यांत आयुष्याचीं बरींच वर्षें घातलीं. त्या नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या गेल्या, आणि १८६६ सालच्या आगींत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. नंतर मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेंच काम पुन्हां केलें. त्या नकला लंडनमध्येंच साउथ केन्सिंग्टनला गेल्या, आणि १८८५ सालीं तेथेंहि आग लागून त्यांपैकीं पुष्कळ नष्ट झाल्या. १९०९ ते १९११ च्या हिंवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनीं फर्दापूरला तळ देऊन तिसऱ्यांदा नकला केल्या. नंदलाल बोस व असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार त्यांच्याबरोबर होते. या नकला १९१५ सालीं ग्रंथरूपानें छापल्या गेल्या, आणि छापील प्रती अनेक ठिकाणीं पसरल्यामुळें एका आगीची भीति उरली नाहीं.

घरच्या संगणकालाहि हाच नियम लावावा. एक प्रत यंत्रांत, दुसरी वेगळ्या डिस्कवर कपाटांत, आणि तिसरी दुसऱ्या गांवीं एखाद्या नातलगाकडे. मग नवी आवृत्ति निर्धास्तपणें चढवावी. आणि शक्य तर ती सुटीच्या शेवटच्या दिवशीं न चढवितां पहिल्या दिवशीं चढवावी, म्हणजे कांहीं अडलें तर जाणतें माणूस घरांतच असतें.

आपण शोधून काढलेली दुरुस्ती स्वतःपुरती ठेवूं नये, हेंहि जातां जातां सांगणें अवश्य आहे. टचपॅडचें खरें माप प्रणालीच्या कर्त्यांना कळविलें, तर तें पुढच्या आवृत्तींत सर्वांसाठीं नोंदलें जातें, आणि त्याच जातीचें यंत्र असलेल्या दुसऱ्या एखाद्या घरांत हा प्रश्न पुन्हां उद्भवत नाहीं. या प्रणाली अशाच हजारों लहान हातभारांवर उभ्या आहेत. त्यांतील 'लोहित' या मराठी अक्षरांच्या घडणींतहि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा वाटा आहे. फूटपट्टीनें मोजलेले दोन आकडे कळविणें ही फार मोठी विद्वत्ता नव्हे. पण त्यानें परक्या गांवच्या, कधींहि न भेटणाऱ्या एखाद्या आजीआजोबांचें काम सुरू राहील. आणि आपल्या घरांत कोणी वडील माणूस "आतां माझ्यानें होत नाहीं" असें म्हणून एखादें यंत्र मिटवून ठेवूं लागलें, तर त्याच्या वयाची समजूत घालण्यापूर्वीं शेजारचा माउस जोडून पाहावा. त्याला पांच मिनिटें लागतात.